तालुका क्रीडा संकुल: ५ कोटींचं मैदान, पण कुणाच्या गावाजवळ?

राज्यात क्रीडा संकुलं तीन पातळ्यांवर बांधली जातात: विभाग, जिल्हा आणि तालुका. २०२२ मध्ये सरकारने अनुदानाची मर्यादा वाढवली. तालुक्याला १ ऐवजी ५ कोटी, जिल्ह्याला ८ ऐवजी २५ कोटी आणि विभागाला २४ ऐवजी ५० कोटी रुपये.

पैसा सगळ्या तालुक्याच्या नावाने येतो, संकुल मात्र बहुतेक वेळा तालुक्याच्या गावाजवळच होतं. शेवटची एसटी गेली की लांबच्या गावातल्या पोरांचा सराव बंद.

मग गावाने काय करायचं?

जागा ठरण्याआधीच ग्रामसभेचा ठराव करून तालुका क्रीडा संकुल समितीकडे द्या. समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार असतात.

गावातच मैदान हवं असेल, तर क्रीडांगण विकास योजना आहे. सपाटीकरण, धावपट्टी, कुंपण अशा कामांसाठी ग्रामपंचायत किंवा शाळा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्ज करू शकते.

संकुल बांधून नुसतं कुलूप लावलंय? माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून खर्चाचा हिशेब मागा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.