कच्च्या चामड्याचा दोर

ॲरिझोनातल्या टूसॉनला फेब्रुवारीत रोडिओ भरतो तेव्हा शाळांना सुट्टी असते. सकाळी रस्त्यावरून मिरवणूक निघते, तिच्यात मोटारीला जागा नाही. घोडे, खेचरं, जुन्या बग्ग्या, टपाच्या गाड्या, आणि मागून लीद उचलणारी माणसं! शेजारचे ताता आम्हाला उजाडताच रस्त्याकडेला खुर्च्या टाकायला लावतात. सोनोराकडच्या मेक्सिकन घरांत आजोबांना ताता म्हणतात; आमची सगळी गल्लीच त्यांना तसं म्हणते.

हा सोहळा १९२५ साली सुरू केला लेटन क्रेमर नावाच्या पोलोशौकिनाने, हिवाळी पाहुणे गावात यावेत म्हणून. नाव ठेवलं 'ला फिएस्ता दे लोस वाकेरोस', मेक्सिकन गुराख्यांचा उत्सव. त्या नावावर ताता खूश आहेत आणि मला ते रास्त वाटतं. सिनेमाने जगाला गोरा काउबॉय दाखवला. पण १६८७ मध्ये धर्मप्रचारक फादर किनो या मुलखात आले आणि त्यांच्या मिशनांबरोबर गुरं पसरली, तेव्हा ती राखायला ओओधाम आदिवासी शिकले. १८५४ पर्यंत टूसॉन मेक्सिकोतच होतं. ओओधाम स्वार समोरून जाऊ लागले की ताता काठी टेकून उभे राहतात.

दुपारी मैदानात गर्दी वळूंवर बसणाऱ्यांसाठी असते. एक हात मोकळा ठेवून आठ सेकंद टिकायचं. तातांना त्यात रस नाही. "रानात कुणाला वळूवर बसायची गरज पडली होती?" असं ते दरवर्षी विचारतात. त्यांचं लक्ष दोरवाल्यांच्या जोडीकडे. एकाने गोऱ्ह्याच्या शिंगांत फास टाकायचा, दोर खोगिराच्या पुढच्या खुंटाला गुंडाळून त्याला वळवायचं. दुसऱ्याने मागचे पाय पकडायचे. काही सेकंदांचं काम, पण ते खरोखरीचं गुराख्याचं काम आहे.

खुंटाला दोराचा तो वेढा देण्याची रीत तातांच्या आजोबांची. टेक्सासचे गडी दोराचं टोक खुंटाला पक्कं बांधून ठेवत. इकडचा दोर कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेला, साठ-साठ फूट लांब. एकदम हिसका बसला तर तटकन तुटायचा. म्हणून वेढे देऊन तो थोडा सरकू द्यायचा, जनावराचं बळ हळूहळू जिरवायचं. वेढा देताना अंगठा वर. तातांच्या तरुणपणी दोर नायलॉनचे झाले तरी हाताची सवय तीच होती, आणि एकदा अंगठा खाली राहिला. दोर आणि खुंट यांच्यामध्ये त्याचं वरचं पेर गेलं. उरलेला अंगठा ते पोरांना धरून बघू देतात.

आजोबांकडून ऐकलेलं ते सांगू लागले की आवाज खाली येतो. १८८० मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ भांडवलदारांचे कळप आले आणि गवताची मुळंसुद्धा उरली नाहीत. मग १८९१ ते १८९३ पाऊस रुसला. दक्षिण ॲरिझोनातली अर्ध्याहून जास्त गुरं मेली. आजोबा तेव्हा पोरसवदा. मालकाने त्यांना गुरांमागे नव्हे, मेलेल्या गुरांची कातडी सोलायला पाठवलं. मजुरी म्हणून पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी कातडीच मागून घेतली. रात्री कंदिलाशी बसून थोरल्या चुलत्याने त्यांना वाद्या कापायला आणि विणायला शिकवलं. पाऊस परतल्यावर रानात उरलेली गुरं त्यांनी त्याच दोरांनी धरली.