टीम आपली, पण निवड समिती कोणाची?

क्रिकेटला जात नसते, हे वाक्य आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं जातं की ते हळूहळू खरं वाटायला लागतं. आयपीएलच्या दिवसांत आमच्या धर्मापुरीत कुठंही उभं राहा. कोणाला दुखापत झाली, कोण किती कोटींना विकला गेला, कोणाचा रनरेट किती, पोरांना सगळं तोंडपाठ असतं. यात वाईट काही नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसानं रात्री दोन-तीन तास आपली टीम जिंकावी म्हणून जीव टाकला, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ही किंमत बॅटची नाही, बॉलचीही नाही. ती बघणाऱ्या डोळ्यांची आहे, आणि त्यात आपलेही डोळे आहेत.

म्हणून प्रश्न विचारायचा तो चाहत्याच्या प्रेमावर नाही, त्या प्रेमाच्या मोबदल्यावर. आपण ज्या टीमला 'आपली' म्हणतो, तिची निवड कोण करतं? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या मैदानावर विचारला गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी बेसबॉलच्या मैदानावर त्याचं स्वतःचं उत्तर उभं केलं. ते वर्ष होतं १९२०.

आधी मुंबईचं पाहू. तेव्हा आजच्यासारखे शहरांचे संघ नव्हते, धर्मांचे होते. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'द रेस्ट', म्हणजे ख्रिश्चन वगैरे उरलेल्यांचा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. या सामन्यांवर मुंबई वेडी होती. लोक वर्तमानपत्रांतून बातम्या वाचत, मैदानाभोवती गर्दी करत. १९३४ पासून बॉबी तल्यारखान यांचं धावतं वर्णन रेडिओवर येऊ लागलं. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिश्चन असल्यामुळे 'रेस्ट'कडून खेळायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या.

म्हणजे धर्म आणि क्रिकेट वेगळे आहेत, असं तेव्हा कोणी म्हणतच नव्हतं. खेळाडूचा धर्म संघाच्या नावातच होता. जात मात्र नावात नव्हती. ती कुठं होती, हे पळवणकर बाळू यांच्या आयुष्यात दिसतं.

बाळू १८७६ चे. चर्मकार समाजातले. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात आणि नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात पगारावर खेळपट्टीची देखभाल करणारा हा पोरगा. सराव करणाऱ्या गोऱ्या साहेबांना, विशेषतः ग्रेग या फलंदाजाला, तो तासन्‌तास गोलंदाजी करायचा. त्यातून डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्याच्या हातात कोणी दिली नाही. पुढं पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा या 'अस्पृश्य' गोलंदाजाची आठवण झाली. घेतलं. पण चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. ज्या चेंडूला त्यांचा हात लागला तोच चेंडू सगळे झेलत होते. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. समाजशास्त्राच्या पुस्तकात जातीची व्याख्या पानपानभर असते. मला ही एक गोष्ट पुरेशी वाटते. उपयोग असेल तिथं शिवाशिव सैल, मान द्यायची वेळ आली की कडक.

मुंबईत आल्यावर हिंदू जिमखान्यात ही बंधनं सैल झाली, हेही सांगायला हवं. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. सुधारकांनी टाळ्या वाजवल्या, बघा हिंदू समाज बदलतोय म्हणाले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला आणि मानपत्र सादर केलं ते तरुण भीमरावांनी, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा करतात. बाबासाहेबांच्या पिढीसाठी बाळू हा अभिमानाचा विषय होता, तो असा.

आता विचारा, मग कर्णधार का केलं नाही? वर्षानुवर्षं बळी बाळू घेत होते, कर्णधार दुसरेच होत होते. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं होतं की हा मान बाळूंचा होता. जे सहकाऱ्याला दिसत होतं ते निवड समितीला दिसत नव्हतं.

आणि आलं १९२०. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचं 'मूकनायक' सुरू झालं. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. अस्पृश्य समाज स्वतःच्या तोंडानं बोलायला लागला ते हे वर्ष. त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत ४४ वर्षांच्या बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी होते, तर कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिलं. देवधर मोठे खेळाडू होते, यात वाद नाही. पण बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी विचारलं ते हेच की ज्येष्ठता आणि कामगिरी मोजायची तर सगळ्यांची मोजा. दोघांनी जाहीर निवेदन काढलं आणि संघातून बाहेर पडले. आपल्या खेळाच्या इतिहासातला जातीच्या मुद्द्यावरचा हा बहुधा पहिला मोठा बहिष्कार. नमतं जिमखान्याला घ्यावं लागलं. अंतिम सामन्यात भाऊ परत आले, पै कर्णधार आणि बाळू उपकर्णधार झाले. पै मध्येच मैदानाबाहेर गेले आणि काही वेळ का होईना, बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचललं. १९०६ ते १९२३, म्हणजे सतरा वर्षं लागली. तीही मागितल्यावर.

आता अमेरिकेकडं वळू. बेसबॉल हा तिथला खेळ, आपल्याकडच्या क्रिकेटसारखाच रक्तात भिनलेला. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपसात ठरवून दारं बंद केली. कुठं लिहिलेला कायदा नाही, नुसती समजूत. आपल्या गावात विहिरीचा कायदा कुठं लिहिलेला होता? १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा त्याच शहरात लिंकन जायंट्स नावाचा कृष्णवर्णीयांचा तगडा संघ होता, पण मोठ्या लीगमध्ये त्याला जागा नव्हती.

१३ फेब्रुवारी १९२० रोजी, म्हणजे 'मूकनायक'च्या पहिल्या अंकानंतर दोन आठवड्यांनी, कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांच्या पुढाकारानं कृष्णवर्णीयांची स्वतःची लीग स्थापन झाली: निग्रो नॅशनल लीग. संघ आपले, खेळाडू आपले, बहुतेक मालकही आपलेच. आणि या लीगला जिवंत ठेवलं ते चाहत्यांनी आणि त्यांच्या वर्तमानपत्रांनी. गोरी वर्तमानपत्रं या सामन्यांना फारशी जागा देत नसत. 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर' ही कृष्णवर्णीयांची पत्रं मात्र निकाल, धावफलक, खेळाडूंच्या बातम्या छापत. १९३३ पासून शिकागोत पूर्व विरुद्ध पश्चिम असा तारांकित खेळाडूंचा सामना सुरू झाला. त्याचे खेळाडू कोण निवडायचं? वाचक. या वर्तमानपत्रांतल्या मतपत्रिका भरून चाहते संघ निवडत. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयाला मतदानकेंद्राच्या दारात उभं राहू देत नव्हते, त्या काळात हा समाज बेसबॉलची टीम मतदानानं निवडत होता. १९४३ मध्ये हा सामना बघायला पन्नास हजारांहून जास्त लोक आले.

मुंबई आणि शिकागो यांच्यातला फरक इथं आहे. मुंबईत आपला चाहता टाळ्या वाजवत होता आणि निवड दुसरे करत होते. शिकागोत टाळ्याही त्यांच्या होत्या आणि निवडही.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि वरच्या लीगची भिंत फुटली. लांबलांबून कृष्णवर्णीय कुटुंबं रेल्वेनं त्याचे सामने बघायला येत. डॉजर्स रातोरात लाखो लोकांची आपली टीम झाली. पण याची किंमत काय मोजली? रॉबिन्सन आधी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. डॉजर्सनं त्याच्यासाठी मोनार्क्सला एक पैसाही दिला नाही. चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागं चाहते गेले, आणि १९४८ च्या हंगामानंतर त्याच नावाची दुसरी निग्रो नॅशनल लीग बंद पडली. प्रवेश खेळाडूंना मिळाला. मालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक बाहेरच राहिले. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये मृत्यूच्या नऊ दिवस आधी रॉबिन्सननं भर स्टेडियममध्ये सांगितलं, की मला कृष्णवर्णीय माणूस संघाचा व्यवस्थापक झालेला बघायचाय. तो झाला १९७५ मध्ये, फ्रँक रॉबिन्सन. मैदानात उतरण्यापासून संघ चालवण्यापर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली.

कोणी म्हणेल, मग काय वेगळंच राहायचं का? नाही. भिंत फोडायलाच हवी होती, आणि रॉबिन्सननं सोसलं ते विसरता येणार नाही. मुद्दा असा, की आत जाताना आपल्या हातात काय ठेवायचं हे ठरवून जावं लागतं.

बाबासाहेबांना हे नीट कळलं होतं. १९३२ चा स्वतंत्र मतदारसंघाचा वाद नेमका निवड समितीचा वाद होता. आमचा प्रतिनिधी आमच्यातला असणं पुरेसं नाही, तो आम्ही निवडलेला हवा. या वादात बाळू गांधीजींच्या बाजूला होते, पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांसमोर उमेदवार दिला तो हाच लाडका खेळाडू. हिशोब सरळ होता, चाहते मतं देतील. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली आणि बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. लढत सोपी नव्हती, पण बाळूंची कीर्ती कमी पडली. आवडता खेळाडू आणि आपला नेता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुंबईच्या मतदारानं तेव्हा ओळखलं.

बाळूंना यासाठी खलनायक ठरवू नये. जिमखान्यानं वापरलेला आणि नंतर पक्षानं वापरलेला माणूस आहे तो. ज्यांनी त्यांना कधी रीतसर कर्णधार केलं नाही, त्यांच्याच छावणीनं त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं, हे लक्षात ठेवायचं. देवधरांच्या नावानं राष्ट्रीय करंडक सुरू झाला. बाळूंचं नाव शाळेच्या कोणत्या पुस्तकात तुम्ही वाचलंत?

आणि म्हणून शेवटचा मुद्दा नोंदीचा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगनं निग्रो लीग्जची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदीत घेतली. जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीय फलंदाज .३७२ च्या सरासरीनं टाय कॉबच्या वर, पहिल्या क्रमांकावर गेला. मेल्यानंतर ७७ वर्षांनी. हे शक्य झालं, कारण त्या गरीब समाजाच्या वर्तमानपत्रांनी धावफलक छापून ठेवले होते. विठ्ठल पळवणकरांनी आपलं क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं.

तेव्हा टीमसाठी ओरडा, पण सोबत दोन कामं करा. आपल्या तालुक्याचा, जिल्ह्याचा संघ निवडला जातो तेव्हा चाचणीची तारीख वस्तीपर्यंत पोहोचते का, निवडणारे कोण, निकष काय, हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. आणि आपल्या पोरापोरींनी खेळलेल्या प्रत्येक सामन्याचा धावफलक वहीत लिहून ठेवा, तारखेसकट, नावांसकट. खेळाडू आहेत कुठं, असं उद्या निवड समितीनं विचारलं, तर ती वही समोर ठेवता आली पाहिजे.

जय भीम!