बिअर आणि तिचें पाणी



जळकोटसारख्या गांवांत सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसानें बिअर या विषयावर बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. मला स्वतःलाहि तें वाटतें. या विषयाकडे मला नेलें तें माझ्या पुतण्याच्या एका वहीनें. तो पुण्यास नोकरीला असतो. तिशी उलटलेला, समंजस मुलगा आहे. गेल्या दिवाळींत मी त्याच्याकडे गेलों असतां मेजावर एक जाड वही दिसली. शिक्षकाचा हात, उघडल्यावांचून राहवेना. आंत पाहतों तों बिअरचीं नांवें! कोणती बेल्जममधली, कोणती जर्मनींतली, कोणती पुण्यांतच केलेली. प्रत्येक नांवापुढें रंग, वास, कडवटपणा यांचे रकाने आणि शेवटीं शेरा : "मित्रांस सुचवावी" किंवा "पुन्हां नको."

मी त्याला म्हटलें, "अरे, दहावीला इतक्या निगुतीनें वही ठेवली असतीस तर!"

तो हंसून म्हणाला, "काका, हाहि अभ्यासच आहे. तुम्ही एकदां याचा इतिहास काढून पाहा."

मीं तो काढून पाहिला. त्यांत जें सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आरंभींच एक खुलासा करतों. मी मद्यपानाची भलामण करण्यास आलेलों नाहीं. दारूनें बुडालेलीं घरें मीं वर्गांतल्या मुलांच्या चेहऱ्यांवर वाचलेलीं आहेत. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील माणसास बिअर घेतां येत नाहीं, हेंहि तरुण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु एखाद्या वस्तूचा इतिहास समजून घेणें म्हणजे तिच्या आहारीं जाणें नव्हे.

बिअर होते तरी कशी? सातू भिजवून त्यास मोड आणतात आणि ते मोड उष्णतेनें वाळवितात. यासच माल्ट म्हणतात. मोड आलेल्या दाण्यांत पिठाची साखर करण्याची शक्ति येते. माल्ट भरडून ऊन पाण्यांत ठेवला म्हणजे गोड रस तयार होतो. तो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात. त्या फुलांमुळें कडवटपणा व सुवास येतो, आणि पेय लवकर नासतहि नाहीं. मग रस निववून त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. किण्व साखर खातें, आणि तिच्यापासून मद्यार्क व वायु उत्पन्न होतात. पाणी, सातू, हॉप आणि किण्व, एवढाच हा सारा संसार. पैकीं पाण्याचा वांटा नव्वद टक्क्यांहून अधिक असतो. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

धान्य आंबवून पेय करणें हें कांहीं साहेबानें आपल्याला शिकविलें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें 'मेदक' नांवाच्या पेयाची कृति मापांसह दिलेली आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण. म्हणजे सोळा मापें पाण्यास दोन मापें तांदूळ आणि तीन मापें किण्व. ही तांदळाची बिअरच म्हणावयाची. परकी होती ती सातू व हॉप यांची बिअर, आणि ती आली समुद्रमार्गानें.

या प्रवासाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. लंडनच्या पूर्वभागांत बो या ठिकाणीं जॉर्ज हॉजसन याचा बिअरचा कारखाना होता. तो १७५२ पासूनचा. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें लागत, ती जागा तेथून जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या जोखमीवर थोडा खासगी व्यापार करीत, आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देई. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांत जागा मोकळी असे, म्हणून भाडेंहि थोडें पडे. अशा रीतीनें त्याचीं पिपें आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनीं मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें उतरूं लागलीं. हिंदुस्थानासाठीं हॉजसननें एक नवीनच बिअर शोधून काढली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. पण ती खरी नाहीं. जास्त हॉप घातलेली, टिकाऊ, फिकट रंगाची बिअर इंग्लंडांत आधींच होती. हॉजसनची करामत चवीपेक्षां जागेची व उधारीची अधिक होती.

पुढें हॉजसनच्या वारसांनीं उधारी बंद केली आणि मालाची ने-आणहि स्वतःच्या हातीं घेतली. तेव्हां १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकानें बर्टन येथील ऑलसॉप या कारखानदारास, तूंच हा माल कर, असें सुचविलें. बर्टनचें पाणी विहिरींचें, आणि त्यांत जिप्समचा अंश मोठा. त्या पाण्यांत हॉपचा कडवटपणा स्वच्छ व ठसठशीत उतरला. बर्टनच्या बिअरनें हॉजसनला मागें टाकलें. हीच पुढें 'इंडिया पेल एल' म्हणून जगभर नांवाजली. तिच्या नांवांत आपला देश आहे, पण तिची कीर्ति बर्टनच्या विहिरींची आहे.

मीं जसजसें वाचीत गेलों तसतसें हेंच सूत्र पुन्हां पुन्हां हातीं लागलें. बोहेमियांतील पिल्सन गांवचें पाणी अत्यंत मृदु. तेथें १८४२ सालीं योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानें सोनेरी, हलकी बिअर केली, आणि आज जगांत खपणारी बहुतेक बिअर तिचीच नक्कल आहे. डब्लिनचें पाणी जड. तें भाजक्या सातूच्या काळ्या स्टाउटला मानवलें. पाण्याचें रसायन समजल्यावर मात्र कोणत्याहि गांवीं बर्टनसारखें पाणी बनवितां येऊं लागलें. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरवर ग्रंथ लिहिला. १८८३ सालीं कोपनहेगनमध्यें हान्सेननें शुद्ध किण्व वेगळें काढलें. बिअर भरंवशाची झाली. पण हळूहळू ती सर्वत्र सारखीच झाली.

आपल्या देशांत एडवर्ड डायर यानें कसौलीच्या थंड डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कारखाना काढला. जालियनवाला बागेमुळें कुप्रसिद्ध झालेला जनरल डायर हा त्याचाच मुलगा. आमच्या मराठवाड्यांत मात्र, म्हणजे १९४८ पर्यंतच्या निजामी मुलखांत, बिअर ही छावणींतल्या गोऱ्यांची वस्तु होती. सामान्य माणसाची ओळख शिंदीशीं आणि मोहाच्या दारूशीं. मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, आणि १९५६ सालीं मराठवाडा त्या राज्यांत गेला. पुढें निर्बंध सैल झाले, 'परमिट रूम' हा शब्द मराठींत रुळला, आणि आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांना पाणी मिळालें पैठणच्या जायकवाडी धरणाचें.

सर्वत्र एकसारख्या बिअरविरुद्ध बंड झालें तें परदेशांत. १९६५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत फ्रिट्झ मेटॅग यानें बुडत चाललेला अँकर हा जुना कारखाना घेऊन जुन्या पद्धतीची बिअर करण्यास आरंभ केला. इंग्लंडांत १९७१ सालीं ग्राहकांनींच पारंपरिक एलच्या रक्षणासाठीं चळवळ काढली. १९७८ सालीं अमेरिकेंत घरीं बिअर करण्यास मोकळीक देणारा कायदा झाला. या वाऱ्याची झुळूक महाराष्ट्रांत आली २००९ सालीं. पुण्यांत 'डूलाली' हा राज्यांतला पहिला लहान कारखाना सुरू झाला. पुढें पुण्यांत व मुंबईंत असे अनेक निघाले.

अशाच एका ठिकाणीं पुतण्या मला घेऊन गेला. कांचेपलीकडे पोलादी हंडे होते, आणि एखाद्या मोठ्या पातेल्यांत घुगऱ्या शिजत असाव्यात तसा वास दरवळत होता. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देऊं नये, असें मीं मुलांना जन्मभर सांगितलें; म्हणून तीन लहान पेल्यांतून एकेक घोट घेतला. पहिली गव्हाची, बव्हेरियन वळणाची. तिला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास होता, आणि तो केवळ किण्वामुळें येतो, हें ऐकून मी थक्क झालों. दुसरी इंडिया पेल एल. तिनें माझें तोंड काडेचिराइतासारखें कडू केलें. तिसरी काळी स्टाउट; तिला भाजलेल्या कॉफीची चव होती. पेले बाकी तसेच राहिले, आणि मला त्याचें दुःख नाहीं.

पुतण्या ज्यांना बिअर सुचवितो त्यांना तो जें सांगतो, तेंहि सांगतों. नवख्यानें गव्हाच्या बिअरपासून आरंभ करावा, कडू पेल एलपासून नव्हे. आयात केलेली बाटली घेतांना तारीख प्रथम पाहावी. हॉपचा सुवास महिन्यागणिक उडतो, आणि बोच्या पिपांचा काळ आतां उरला नाहीं. पारदर्शक व हिरव्या बाटल्यांपेक्षां तपकिरी बाटली बरी. प्रकाशानें हॉप बिघडून दुर्गंधी सुटते. बेल्जममधील ट्रॅपिस्ट मठांतल्या कांहीं जड बिअर मात्र बाटलींत मुरतात. त्यांच्या विक्रीवर मठ व त्यांचीं धर्मादाय कामें चालतात. आणि अर्धा पेला पुरला तर दुसरा मागवूं नये. हा शेवटचा नियम मला फार आवडला.

परंतु वही मिटतांना माझ्या मनांत २०१६ चा उन्हाळा उभा राहिला. त्या वर्षीं आमच्या लातूर जिल्ह्यांत पाण्याचा ठणठणाट झाला होता. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा डबे, सुमारें पांच लाख लिटर पाणी. आमच्या गल्लींत टँकर आला म्हणजे बायामाणसें घागरी घेऊन धांवत, आणि माझ्या शाळेंतलीं मुलें परीक्षा सोडून रांगेंत उभीं राहत. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्य व बिअर यांच्या कारखान्यांचें पाणी टप्प्याटप्प्यानें साठ टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. एक लिटर बिअर होण्यास धुण्या-निववण्यासकट साधारण चार-पांच लिटर पाणी लागतें, आणि लहान कारखान्यांत याहूनहि अधिक. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. रांगेंतल्या त्या बायांनाहि नव्हतें.

मीं पुतण्याला विचारलें, "तुझ्या वहींत रंग आहे, वास आहे; पाण्याचा रकाना कोठें आहे?"

तो गप्प राहिला.

माझें म्हणणें एवढेंच आहे. बर्टन, पिल्सन, डब्लिन यांची कीर्ति झाली ती तेथील लोकांनीं आपलें पाणी व आपलें धान्य ओळखलें म्हणून. आपण त्यांची चव आयात केली, पण ती दृष्टि आयात केली नाहीं. मराठवाड्याचें धान्य ज्वारी. ती थोड्या पाण्यावर येते. १९८८ सालीं नायजेरियाच्या सरकारनें परदेशी सातूची आयात बंद केली, तेव्हां तेथील कारखान्यांनीं ज्वारीची बिअर केली व ती लोकांनीं घेतली. ज्वारी आंबविणें आम्हांलाहि नवें नाहीं. मार्गशीर्षांतल्या वेळअमावस्येस आमच्याकडे सारें गांव शेतांत जातें. ज्वारीचें पीठ व ताक यांची अंबील मडक्यांत मुरलेली असते. ती बिअर नव्हे, तिच्यांत नशा नाहीं. पण दोन वाट्या पोटांत गेल्या कीं झाडाखालीं डोळा लागतो. तिचा आंबटपणा मडक्यागणिक व घरागणिक निराळा. पुतण्यानें वहींत परदेशच्या बिअरचे बारीक बारीक फरक टिपले आहेत. आपल्या आजीच्या अंबिलीबद्दल मात्र एक ओळहि नाहीं.

निघतांना त्यानें माझ्यासमोर वहींत पट्टीनें एक रेघ ओढली आणि नव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलें : "पाणी कोठलें?" पहिल्या चार नांवांपुढें त्याला कांहींच भरतां आलें नाहीं. तो म्हणाला, "काका, विचारून लिहितो."

जे श्रोते बिअर घेत नाहींत त्यांनीं माझ्याप्रमाणेंच आपला मार्ग सोडूं नये. जे घेतात आणि मित्रांस सुचवितात, त्यांनीं सुचविण्यापूर्वीं हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर देण्यास कारखानदार लाजला, तर आपला शेरा आपणच ठरवावा.