ताटातला मासा कोणत्या नदीचा? ‘पारंपरिक’ या शब्दाची उलटतपासणी



मागच्या लेखात आपण संशोधन प्रश्न कसा तयार करायचा ते पाहिलं. आज मी माझीच एक चूक तुमच्यासमोर मांडणार आहे. कारण सिनॉप्सिस लिहिताना तुम्हीही हीच चूक करणार, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं.

माझा विषय आहे भीमा खोऱ्यातल्या मासेमारीचा आणि मासे खाण्याचा इतिहास. सोलापूर म्हटलं की चादर, शेंगा चटणी, कडक भाकरी आणि दुष्काळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. “सोलापुरात कसले आलेत मासे? समुद्र तर चारशे किलोमीटर लांब!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पहिल्या प्रकरणात त्याला ठासून उत्तर द्यायचं ठरवलं होतं. त्यासाठी एक वाक्य लिहिलं: “सोलापूर परिसरात भीमेच्या ताज्या माशाचा झणझणीत रस्सा ही पारंपरिक खाद्यसंस्कृती आहे.” गाइडनी ‘पारंपरिक’ या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: “कधीपासून? कुणाची?”

मला थोडा रागच आला. एवढी उघड गोष्ट सिद्ध काय करायची?

चूक कळली ती चुलीपाशी

माझी एक वर्गमैत्रीण करमाळा तालुक्यातली, उजनीच्या पाणलोटाकाठच्या गावातली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. हिवाळ्यात आम्ही चौघं तिच्याकडे गेलो. फील्डवर्क हे निमित्त होतं, खरं तर सहलच. संध्याकाळी तिच्या भावाने तंगूसाची जाळी पाण्यात सोडली आणि पहाटे आम्ही ती काढायला होडीतून गेलो. धुकं, बोटं गोठवणारा गारठा, आणि जाळं ओढताना हाताला लागणारी थरथर. आमच्यातल्या एकाने मोठ्या हौसेने गळ आणला होता. तासाभरात त्याला फक्त शेवाळ मिळालं, आणि मैत्रिणीच्या भावाने त्याची केलेली थट्टा अजून संपलेली नाही.

जाळ्यात बादलीभर चिलापी आली, दोन कटला आणि एक वाम. घरी आल्यावर मैत्रिणीच्या आत्या मासे साफ करायला बसल्या. मी शेजारी वही घेऊन. त्यांनी वाम उचलून वेगळ्या ताटलीत ठेवली. मी विचारलं, “आत्या, ही वेगळी का ठेवली?”

त्या म्हणाल्या, “अगं, ही जुनी. नदीची. बाकीचे सगळे धरणाचे. माझ्या सासूबाईंच्या काळी ही चिलापी नव्हतीच की. माझं लग्न झालं तवा नुकतं पाणी अडवाय लागलं होतं.”

माझं ‘पारंपरिक’ तिथेच कोसळलं. मी वही मिटली नाही, उलट पुढची दोन पानं भरली. पण आधी जेवलो. चुलीवर भाजलेला कांदा-खोबरं, आलं-लसूण, काळं तिखट, शेंगदाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, आणि रश्शात शेवटी सोडलेले मासे. मासे घातल्यावर आत्यांनी पळी अजिबात फिरवू दिली नाही, पातेलंच दोन्ही कडांना धरून हलवलं. सोबत ज्वारीची गरम भाकरी. इतकं चविष्ट जेवण मी आयुष्यात कमी वेळा जेवले असेन. परतताना एसटीत बसल्यावर त्याच ताटाची तपासणी सुरू केली.

ताटातल्या वस्तूंना तारखा लावूया

हा व्यायाम तुम्हीही करून बघा. समोरच्या प्रत्येक जिन्नसाला एकच प्रश्न विचारायचा: तू इथे कधी आलास?

उजनी धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. म्हणजे ज्या पाण्यात आम्ही जाळं ओढलं ते पाणीच पन्नास वर्षांपेक्षा जुनं नाही. त्याआधी तिथे वाहती नदी होती, शेतं होती, गावं होती. पळसदेवचं जुनं मंदिर याच पाण्याखाली आहे. पाणी फार खाली गेलं की ते पुन्हा दिसायला लागतं.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो पहिल्यांदा आणला गेला १९५२ मध्ये. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. साठलेल्या पाण्यात ते आपणहून सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांमधून गोळा करावं लागे. १९५७ मध्ये कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या कुळातल्या माशांचं प्रजनन घडवलं. पुढे मत्स्यबीज केंद्रांतून देशभरातल्या धरणांत बोटुकली सोडणं शक्य झालं ते त्यामुळे.

मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात आली. शेंगदाणाही त्याच खंडातला. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी सोलापुरी रस्सा ‘सोलापुरी’ होतो, त्या दोन्ही समुद्रापलीकडून आल्या. आफ्रिकेचा मासा, गंगेचा मासा, अमेरिकेचं तिखट आणि कूट. त्या ताटात भीमेची म्हणावी अशी एकच मासळी होती, ती वेगळ्या ताटलीत ठेवलेली वाम.

आता दुसऱ्या टोकाची चूक करू नका. “म्हणजे परंपरा वगैरे सगळं थोतांड” असा निष्कर्ष इथून निघत नाही. वस्तू नवी असली म्हणजे कृती नवी असते असं नाही. त्यासाठी आणखी मागे जायला हवं.

पहिला साक्षीदार: राजा

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने गेलात, तर दोन-अडीच तासांत बसवकल्याणला पोचता. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सोलापूरचा परिसर त्यांच्याच राज्यात होता. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण इ.स. ११३०चा. मराठीच्या अभ्यासकांना तो वेगळ्या कारणाने माहीत असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांतले समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खाद्य टाकायचं, गळाने कसं पकडायचं, असं सगळं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी गळ टाकणं हा राजाचा छंद होता. ‘अन्नभोग’ या भागात शिजवण्याच्या कृती आहेत: तुकडे करून धुतलेला मासा, चिंचेचा कोळ, पीठ लावून तेलात तळणं, वरून सैंधव आणि मिरी.

चिंचेचा कोळ वाचल्यावर मला आत्यांचं पातेलं आठवलं. लगेच ‘नऊशे वर्षांची अखंड परंपरा’ असं वाक्य मनात तयारही झालं. मी ते लिहिलं नाही. राजाचा मुदपाकखाना आणि नदीकाठची चूल यांत फरक आहे, आणि दोन टोकांना चिंच सापडली म्हणून मधली आठशे वर्षं आपोआप भरून निघत नाहीत. शिवाय यादीत समुद्री मासे आहेत म्हणजे ते रोज कल्याणीत पोचत होते, असंही सिद्ध होत नाही. ग्रंथ आपल्याला सांगतो की या प्रदेशात माशांविषयीचं बारीक ज्ञान होतं आणि ते दरबारापर्यंत पोचलं होतं. ते ज्ञान मुळात कुणाकडे असणार? रोज पाण्यात उतरणाऱ्याकडे. त्याचं नाव ग्रंथावर नाही.

दुसरा साक्षीदार: साहेब

१८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. हा माणूस शेती, हवामान, पक्षी असं सगळंच नोंदवत फिरला. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३९ आणि १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापलं. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड, भीमा या नद्यांतले चाळीसहून जास्त मासे त्यात आहेत. या नद्यांचं पाणी शेवटी सोलापूरकडेच येतं.

साइक्सने नवीन माशांना लॅटिन वळणाची नावं दिली, पण त्यांतली कितीतरी मुळात इथल्या लोकांच्या तोंडची होती. टोर खुद्री, गारा मुल्या, लेबिओ बोग्गट, स्पेराटा सीन्घाला. शेवटचं नाव मोठ्याने म्हणून बघा. हा आपला शिंगाळा! आज जपानमधला प्राणिशास्त्रज्ञसुद्धा या माशाला त्याच नावाने ओळखतो. नियमाप्रमाणे नावापुढे ‘साइक्स, १८३९’ असं लिहितात. ज्या भोयाने किंवा कोळ्याने टोपलीतला मासा उचलून “हा शिंगाळा” असं सांगितलं असेल, तो तिथे नाही.

हा पुरावा माझ्यासाठी सोन्यासारखा ठरला. धरणाच्या दीडशे वर्षं आधी या खोऱ्यात प्रत्येक माशाला वेगळं नाव देणारे लोक होते, याची ही छापील साक्ष आहे. ज्याला आपण पकडत नाही, विकत नाही, खात नाही, त्याला इतकी बारीक वेगवेगळी नावं सहसा देत नाही.

पुढे १८८४ मध्ये सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. ते जरूर वाचा, पण जपून. त्यात जातीनिहाय वर्णनं आहेत, ‘हे लोक काय खातात’ अशा थाटाची. ती लिहिणारा जेवायला बसलेला नाही, दारात उभा आहे. शिवाय १८७६ ते १८७८ या काळात जिल्हा भीषण दुष्काळातून गेला होता. दुष्काळानंतर सहा वर्षांनी छापलेलं ‘नेहमीचं जेवण’ खरंच नेहमीचं होतं का, हे विचारायला हवं.

तिसरा साक्षीदार: आत्या

राजाने छंद लिहिला, साहेबाने नावं लिहिली. धरणामुळे काय बदललं, हे सांगायला मात्र आत्याच हव्यात. त्या दिवशी दुपारी त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: नदी होती तेव्हा फेकजाळं पुरायचं, काठावरून काम व्हायचं, उन्हाळ्यात डोहांत मासे मिळायचे आणि कुठला डोह कुठे हे घरातल्या बायकांनाही ठाऊक असायचं. पाणी पसरलं आणि डोह बुडाले, तशी ती माहितीही निकामी झाली. होडी हवी, लांब जाळी हवी, म्हणजे आधी पैसा हवा. मासे मात्र वाढले, पोरं शिकली, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या सांगण्यात नुसती हळहळ नव्हती. आपण ती घालू नये.

मौखिक साधनं वापरताना तीन गोष्टी पाळा. एक, वर्ष विचारू नका, खूण विचारा. “बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? लग्नाआधी की नंतर?” लोक खुणांनी आठवतात, तारखा आपण जुळवायच्या. दोन, रेकॉर्डिंगची परवानगी घ्या आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं तेव्हा आत्यांनी दोन माशांची नावं दुरुस्त केली. तीन, जेवायला बोलावलं तर जेवा. चुलीपाशी मिळालेलं उत्तर मला प्रश्नावलीत मिळालं नव्हतं.

मग त्या वाक्याचं काय झालं?

आता ते असं आहे: “भीमा खोऱ्यात नदीतल्या माशांविषयीचं स्थानिक ज्ञान किमान एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नोंदलेलं आहे, मात्र आज उजनीकाठी जे मासे प्रामुख्याने खाल्ले जातात ते आणि त्यांच्या मासेमारीची पद्धत १९८० नंतरच्या जलाशयाने घडवली आहे.” चमकदार नाही, लांब आहे. पण यातल्या प्रत्येक तुकड्यामागे मी उभी राहू शकते.

शब्दाची ही काटेकोरी नुसती व्हायव्हासाठी नाही. ‘पारंपरिक’ म्हटलं की सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि बुडालेला डोह, खुद्रीसारखे विरळ होत गेलेले मासे, जुनी नावं ठाऊक असलेली शेवटची पिढी, हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. मैत्रिणीला स्वतःला वाम, मरळ, शिंगाळा धरून सहा-सात नावं येतात. आत्यांनी मला एकोणतीस सांगितली. ती यादी आता माझ्या प्रबंधाचं परिशिष्ट आहे, आणि तिच्यावर आत्यांचं नाव त्यांच्या परवानगीने असणार आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘पारंपरिक’, ‘पूर्वापार’, ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द शोधा. प्रत्येकापुढे लाल पेनाने लिहा: कधीपासून? कुणाची? ज्याचं उत्तर नाही तो शब्द काढा, किंवा उत्तर शोधायला बाहेर पडा. सोलापूरच्या बाजारात टोपल्यांमध्ये सुके बोंबील आणि सुकट दिसते ना? सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. समुद्राचा खारा मासा इथे रेल्वेच्या आधी पोचत होता का, बैलांच्या पाठीवरून? माझ्या प्रबंधात हा प्रश्न बसत नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.