निशाण एकाचे, माल दुसऱ्याचा

अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे आरमार येथून दर्यावर नजर ठेवीत असे, आणि त्यांचे दस्तक घेतल्यावाचून व्यापारी गलबताने या किनाऱ्यावरून जावयाचे नाही, असा दंडक होता. त्यांच्या आधी, सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने हेच केले होते. दस्तक म्हणजे तसा कागदाचा एक तुकडा. पण तो सांगे की, गलबत ओळखीचे आहे, याला वाट द्या.

आता असा कागद आला की त्याच्या आडून जाणारेही आलेच! १७१३ साली मुंबईच्या इंग्रजांशी आंग्र्यांचा करार झाला. इंग्रजांच्या जहाजांना हात लावावयाचा नाही, असे ठरले. पण थोड्याच वर्षांत तंटा उभा राहिला. कान्होजींचे म्हणणे असे की, निशाण इंग्रजांचे दिसते खरे, पण पोटात माल आहे तो खाजगी व्यापाऱ्यांचा. त्याला कराराचे संरक्षण कसले? इंग्रजांना ते पटले नाही, आणि पुढे लढाया झाल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आज बाजूला ठेवू. प्रश्न मात्र लक्षात ठेवू या: निशाण ओळखीचे असले म्हणजे माल ओळखीचा झाला काय?

याच किनाऱ्याने या प्रश्नाचे फार भयंकर उत्तरही पाहिले आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली. ज्यांनी अडवावयाचे, त्यांच्यापैकी काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले. त्या काळी चोरटी चांदी उतरणे हे नेहमीचेच झाले होते. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. गोणी उघडून न पाहण्याची ही किंमत.

आता दृश्य बदलले आहे. याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे माल कंटेनरात येतो आणि कोणता कंटेनर कोठे ठेवावयाचा हे संगणक सांगतो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहातली. त्या समूहाचे संगणक जगभर एकाच दिवशी बंद पडले होते. न्हावाशेव्यात ना वादळ, ना संप, आणि तरी काम हातांनी रेटण्याची पाळी आली.

झाले होते काय? युक्रेन देशात कर भरण्यासाठी ‘एम. ई. डॉक’ नावाची हिशेबाची आज्ञावली पुष्कळ ठिकाणी वापरीत. ती बनविणाऱ्यांच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले आणि नेहमीच्या सुधारित आवृत्तीबरोबर त्यांनी आपले विष पाठविले. घेणाऱ्यांनी ते विश्वासाने घेतले. घेऊ नये तर काय करावे? सुधारणा वेळच्या वेळी घ्या, हेच तर आपण सर्वांना सांगतो! पुढे ते विष एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरले. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी २०१८ साली या हल्ल्याचा दोष रशियाच्या लष्करावर ठेवला. भांडण दोन देशांचे, आणि खोळंबा उरणच्या धक्क्यावर!

ती एका कंपनीची आज्ञावली होती. पण आजचे सॉफ्टवेअर बहुतांशी खुल्या कोठारांतून, म्हणजे रजिस्ट्रीतून, घेतलेल्या तयार तुकड्यांवर उभे असते. या तुकड्यांना ‘पॅकेज’ म्हणतात. जावास्क्रिप्टचे कोठार ‘एनपीएम’, पायथॉनचे ‘पायपीआय’. कोणीही तेथे माल ठेवावा, कोणीही फुकट न्यावा. ही मोठी उदार व्यवस्था आहे; तिच्यावाचून आजचे संगणकविश्व चालणार नाही. पण दाराशी गोणी उघडून पाहणारा मात्र फारसा कोणी नाही.

मग चोर कसा शिरतो? एक वाट नावाची. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून जुळे नाव ठेवावयाचे आणि कोणाचे तरी बोट चुकण्याची वाट पाहावयाची. २०२१ साली ॲलेक्स बिरसान या संशोधकाने दाखविले की, मोठ्या कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांचीच नावे घेऊन सार्वजनिक कोठारात माल ठेवला, तर त्यांचे संगणक तोच उचलतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही त्यातून सुटल्या नाहीत. दुसरी वाट वारशाची. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या कर्त्याने, आता आपल्याला सवड नाही म्हणून, ते एका अनोळखी स्वयंसेवकाच्या हाती दिले; त्याने आत बिटकॉइन चोरणारा तुकडा घातला. तिसरी वाट सर्वांत धीराची. ‘एक्सझेड’ या साधनाच्या थकलेल्या कर्त्याला ‘जिया तान’ या नावाने कोणी दोन वर्षांहून अधिक काळ मदत केली, विश्वास संपादन केला आणि मग चोरदरवाजा बसविला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्धा सेकंद उशीर का लागतो, अशी शंका आली, म्हणून ते उघडकीस आले. अर्ध्या सेकंदाचा संशय, आणि किती यंत्रे वाचली! पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तर एनपीएमवर असा किडा निघाला की, एका कर्त्याच्या चाव्या चोरून तो त्याच्या इतर पॅकेजांतही आपोआप शिरे.

मग खुली कोठारे बंद करावयाची काय? मुळीच नाही. व्यापार बंद करून बंदर सुरक्षित होत नाही, ओस पडते. करावयाचे ते साधे आहे. नाव अक्षर न अक्षर तपासावे. कोणती आवृत्ती घेतली ते नोंदवून ठेवावे आणि तिची संगणकी मोहोर जुळवून पाहावी. अगदी ताज्या आवृत्तीवर झडप न घालता, तातडीची दुरुस्ती नसेल तर, चार दिवस थांबावे. आपल्याला लागेल तेवढेच घ्यावे. आणि जो एकटा माणूस रात्री जागून, फुकट, आपल्या सर्वांचे पॅकेज सांभाळतो, त्याला माणसांची व पैशांची मदत द्यावी. इव्हेंट-स्ट्रीम आणि एक्सझेड, दोन्हींत चोर आत आला तो थकलेल्या माणसाच्या दारातून, हे विसरता कामा नये.

आंग्र्यांच्या काळी निशाण पाहून गलबत सोडावे की पोटातला माल पाहावा, हा प्रश्न समुद्रावर पडे. आज तो टेबलाशी बसलेल्या प्रत्येक तरुण अभियंत्यापुढे दिवसातून दहा वेळा पडतो, आणि उत्तर द्यावयास त्याच्यापाशी एक बोट आणि एक क्षण असतो. त्या क्षणी त्याने थोडे थांबावे, इतकेच या किनाऱ्याचा इतिहास त्याला सांगतो.