फासे, नियमपुस्तक आणि पंच : निवाडा कोणाचा?

१/ मे १९४२. जपानमधील हाशिराजिमाच्या नांगरतळावर ‘यामातो’ ही महाकाय युद्धनौका उभी आहे. आत नकाशे मांडलेले असून मिडवे बेटावरील नियोजित हल्ल्याची कागदी रंगीत तालीम चालू आहे. तालमीत अमेरिकी विमाने जपानी विमानवाहू नौकांवर तुटून पडतात. पंचाची जबाबदारी असलेले अधिकारी मासाताके ओकुमिया नियमाप्रमाणे फासे टाकतात आणि निकाल सांगतात : नऊ बाँब अचूक लागले, ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन्ही नौका बुडाल्या.

२/ तेवढ्यात या तालमीचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल मातोमे उगाकी मध्ये पडतात. नऊ नव्हे, तीनच बाँब लागले असे धरावे! ‘आकागी’ला किरकोळ इजा, ‘कागा’ मात्र बुडाली. पुढे फिजी आणि न्यू कॅलेडोनियावरील मोहिमेची तालीम सुरू झाली, तेव्हा बुडालेली ‘कागा’सुद्धा पुन्हा पाण्यावर आली. युद्धानंतर ओकुमिया यांनी मित्सुओ फुचिदा यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग आला आहे.

३/ फाशांनी दिलेला कौल फिरवण्याचा अधिकार पंचाला असतो का? असलाच तर कोठवर? हाच प्रश्न आज ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या मंडळींमध्येही वारंवार निघतो. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते हे तोंडी सांगतो. त्याचे फलित काय, हे ‘गेम मास्टर’ ठरवतो. राक्षस, राजे, भुयारे, हवामान, सारे त्याच्या स्वाधीन. त्याच्या या अधिकाराचा उगम मात्र परीकथांत नसून प्रशियाच्या लष्करात आहे.

४/ आरंभ बुद्धिबळापासून करावा लागतो. भारतातील चतुरंगातून विकसित होत युरोपात पोहोचलेल्या या खेळात पंचाची गरज जवळजवळ पडत नाही. पट दोघांसमोर उघडा असतो आणि प्रत्येक मोहऱ्याची चाल ठरलेली असते. १७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथील गणितज्ञ योहान हेल्विग यांनी बुद्धिबळाचाच विस्तार करून दीड हजारांहून अधिक घरांचा युद्धखेळ रचला. घरांच्या रंगांवरून भूप्रदेशाचा प्रकार कळे. तरीही खेळ चौकटींतच अडकलेला राहिला. खरे रणांगण चौकटींत बसत नाही आणि शत्रूही डोळ्यांसमोर पट मांडून बसत नाही.

५/ ही अडचण सोडवली प्रशियाच्या तोफखान्यातील एका तरुण लेफ्टनंटने. गेऑर्ग फॉन राइसवित्झ यांच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा यांना युद्धखेळाचे एक देखणे टेबल सादर केले होते. पुत्राने ती कल्पना पुढे नेली आणि १८२४ मध्ये, म्हणजे इकडे पेशवाई संपून सहा वर्षे झाली असताना, ‘क्रीगश्पील’चे नियम प्रसिद्ध केले. चौकटी गेल्या, त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. प्रत्येक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. बंदुका-तोफांच्या माऱ्याचे तक्ते शार्नहोर्स्ट यांच्या प्रयोगांवर बेतलेले होते आणि नशिबाचा वाटा फाशांकडे सोपवलेला होता.

६/ राइसवित्झ यांची खरी भर म्हणजे पंच. लाल आणि निळ्या बाजूचे सेनानी आपल्या आज्ञा लिहून पंचाकडे देत. नकाशावर सोंगट्या हलवणारा तोच, फासे टाकून हानी मोजणारा तोच. टेकडीपलीकडचे शत्रुसैन्य दिसेपर्यंत त्याची सोंगटी पटावर येत नसे. रणांगणाचे संपूर्ण चित्र पंचाखेरीज कोणाजवळही नव्हते. मूळ नियमांत त्याच्यासाठी योजलेल्या जर्मन संज्ञेचा अर्थ ‘विश्वासातला माणूस’ असा होतो. दोन्ही बाजू आपली गुपिते त्याच्या हवाली करीत, कारण त्याची स्वतःची बाजू कोणतीच नसे.

७/ प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख जनरल म्युफलिंग हा खेळ पाहायला आले तेव्हा फारसे उत्सुक नव्हते. डाव रंगत गेला तसा त्यांचा सूर पालटला. हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचे शिक्षण आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आणि साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. राइसवित्झ यांना मात्र या यशाचे सुख फार काळ लाभले नाही. १८२७ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आतच, त्यांचा मृत्यू झाला.

८/ पुढील पन्नास वर्षांत एक वेगळीच तक्रार वाढत गेली. नियम फार, तक्ते फार आणि पंच आकडेमोडीत बुडालेला. दोन मिनिटांच्या लढाईचा हिशेब करण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जाई. १८७३ मध्ये याकोब मेकेल यांनी या दोषांवर नेमके बोट ठेवले. रणांगण अनुभवलेल्या अधिकाऱ्याचे हात नियम बांधून टाकतात. नियमांना प्रत्येक परिस्थितीची कल्पना आधी करता येत नाही. शिवाय हे कारकुनी काम अंगावर घ्यायला कोणी आपणहून पुढे येत नाही.

९/ १८७६ मध्ये युलियस फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी हा युक्तिवाद टोकाला नेला. १८७०च्या युद्धात मोल्टके यांच्या मुख्यालयात काम केलेला हा अधिकारी. तक्ते बाजूला ठेवा, फासेही ठेवा. अनुभवी पंचाने परिस्थिती पाहून निकाल सांगावा, असे त्यांचे म्हणणे. ही ‘मुक्त’ परंपरा, तर आधीची ‘काटेकोर’. नियमांवर श्रद्धा ठेवायची की माणसाच्या विवेकावर, हा वाद अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला. आजच्या खेळाडूंचे वाद त्याच दोन टोकांमध्ये फिरत असतात.

१०/ मुक्त परंपरेने खेळ वेगवान झाला, पण एक धोकाही आला. पंच चुकला तर दाद मागायची कोठे? आणि पंचालाच एखादा निकाल हवा असेल तर? मेकेल स्वतः १८८५ मध्ये जपानी सैन्याच्या युद्ध महाविद्यालयात शिकवायला गेले. पुढे जपानी आरमारही युद्धखेळ खेळू लागले, आणि तेथूनच कथा पुन्हा ‘यामातो’वर येते. उगाकी हे संयुक्त आरमाराचे मुख्य कर्मचारी अधिकारी होते. ज्या योजनेची परीक्षा चालली होती, ती त्यांच्याच मुख्यालयाची होती. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच!

११/ उगाकी यांच्या बाजूनेही बोलता येते. तालमीतला तो हल्ला मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा होता आणि त्यांच्याकडून नऊ बाँब अचूक लागणे खरोखर अवघड होते. प्रत्यक्ष लढाईतही अमेरिकेच्या अवजड बाँबफेकी विमानांचा एकही बाँब या नौकांना लागला नाही. पण अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या सूर मारणाऱ्या विमानांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ अशा चारही नौका जपानने गमावल्या. आकडा नऊवरून तीनवर आणण्याचे समर्थन एक वेळ करता येईल. पण नौका अचानक गाठल्या गेल्या तर काय, हा त्या नऊ बाँबांनी विचारलेला प्रश्नही आकड्याबरोबर पुसला गेला.

१२/ दरम्यान प्रशियाची ही विद्या अमेरिकेतही पोहोचली होती. लेफ्टनंट चार्ल्स टॉटन यांचा ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ऐंशी वर्षांनंतर मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाला तो ग्रंथालयात सापडला. पंचाला सर्वाधिकार असतील तर खेळाडू नियमांत नसलेली कृतीही करून पाहू शकतो, हे सूत्र त्यांनी त्यातून उचलले. १९६९ मध्ये त्यांनी ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक गावाचा डाव मांडला आणि खेळाडूंना पलटणींऐवजी महापौर, बँकर अशा व्यक्तींच्या भूमिका दिल्या. खेळाडू पट सोडून कोपऱ्यांत कुजबुजू लागले, परस्पर कारस्थाने रचू लागले. डाव पुरता फसला, असे वेस्लींना वाटले. खेळाडूंनी मात्र पुढचा डाव कधी, असे विचारले.

१३/ त्या खेळाडूंपैकी एक होते डेव्ह आर्नेसन. १९७१च्या सुमारास त्यांनी ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुत जग उभे केले. तेथे पात्रे गढीखालच्या भुयारांत उतरत. नियमांची टिपणे बहुतांशी आर्नेसन यांच्याजवळच असत. खेळाडूंनी काय करायचे ते सांगावे आणि आर्नेसन यांनी काय झाले ते. विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी हा प्रकार पाहिला आणि दोघांच्या सहकार्यातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित झाला. पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची, त्यात तीन छोट्या पुस्तिका. अखेरीस वाचकांना सल्ला होता : तुम्हाला जग कसे हवे ते ठरवा आणि तसे घडवा, तुमची कल्पना आम्ही कशाला करायची?

१४/ ही मोकळीक फार दिवस टिकली नाही. प्रत्येक गावात खेळ निराळा झाला आणि स्पर्धा भरवणे कठीण होऊ लागले. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचे तीन जाडजूड ग्रंथ काढले. उद्देश होता एकरूपता. गंमत अशी की प्रहार लागला की नाही हे ठरवणारे तक्ते केवळ गेम मास्टरच्या ग्रंथात होते आणि खेळाडूंनी तो ग्रंथ उघडू नये, अशी तंबीही दिलेली होती. नियम वाढले, पण ते ठेवले गेले पंचाच्याच कपाटात.

१५/ याच १९७९च्या ग्रंथात फाशांबद्दलही मार्गदर्शन आहे. फाशांचा कौल डावलण्याचा अधिकार गेम मास्टरला पूर्णपणे आहे, असे गायगॅक्स सांगतात. शहाणपणाने खेळूनही केवळ विचित्र दानामुळे पात्र मरत असेल, तर मृत्यूऐवजी त्याला बेशुद्ध करावे किंवा त्याचा एखादा अवयव निकामी करावा. त्याच वेळी राक्षसांनाही न्याय्य संधी मिळाली पाहिजे, असे ते बजावतात. अधिकार अमर्याद, पण तो पक्षपातासाठी नाही. उगाकी यांना पडलेला मोह येथे दुसऱ्या रूपात उभा राहतो, कारण मनात एक ठरीव कथा घेऊन बसलेला गेम मास्टरही त्या क्षणी एका बाजूचा खेळाडू झालेला असतो.

१६/ म्हणून पुढच्या पिढ्यांनी हा अधिकार निरनिराळ्या रीतीने आवळून पाहिला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत लढाईचे तक्ते खेळाडूंच्या पुस्तकात आले. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने नियम आणखी सविस्तर आणि उघडे केले. २००९ मधील ‘फियास्को’ या खेळात गेम मास्टर उरलाच नाही. २०१०च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या व्हिन्सेंट बेकर यांच्या खेळाने वेगळी वाट धरली. तेथे गेम मास्टर आहे, पण त्याने कसे वागावे याचेही नियम आहेत; पुढे काय घडणार हे त्याने आधी ठरवून ठेवायचे नाही.

१७/ तरीही बहुतेक टेबलांवर अलिखित ‘शून्यावा नियम’ आजही चालतो : निवाडा गेम मास्टरचा. एखादा खेळाडू ‘झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो’ म्हणाला, तर कोणते पुस्तक पुरे पडणार? नियम जेथे मुके होतात तेथे कोणाला तरी बोलावेच लागते. राइसवित्झ यांच्या काळी हेच खरे होते, आजही आहे.

१८/ टेबलावर चुकीच्या निवाड्याची किंमत फार तर एखादी बिघडलेली संध्याकाळ असते. ‘यामातो’वर खेळलेल्यांना ती नौकांनी आणि माणसांनी मोजावी लागली. फासे डावलण्याची मुभा गायगॅक्स यांच्या पंचालाही होती आणि उगाकी यांनाही. फरक एवढाच की एकाने ती कोणाच्याही बाजूने न झुकता वापरावी अशी अपेक्षा होती, आणि दुसऱ्याने ती आपल्याच योजनेसाठी वापरली. १८२४च्या पुस्तकातील ‘विश्वासातला माणूस’ ही पंचाची पहिली ओळख म्हणूनच अजून जुनी झालेली नाही.

(समाप्त)