अडीच फुटी रूळ आणि चाळीस केबीचा मारिओ

गेममध्ये ग्राफिक्स महत्त्वाचे की खोली? हा वाद मी गेली वीस-बावीस वर्षं ऐकतोय आणि त्यात हिरिरीने भागही घेतलाय. नवीन प्लेस्टेशन आलं की वाद पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. एक पार्टी म्हणणार, बघा, कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा दिसतो! दुसरी पार्टी म्हणणार, घाम दिसतोय खरा, पण त्यात खेळायला काय आहे? मग दोघंही दमतात आणि विषय क्रिकेटवर जातो.

अलीकडे मला वाटायला लागलंय की या वादावरचं एक चांगलं उत्तर माझ्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वीच कुणीतरी देऊन ठेवलंय. गाव कुर्डुवाडी आणि उत्तर देणारा माणूस रेल्वेचा इंजिनियर. (कुर्डुवाडीकर कुठल्याही विषयात रेल्वे घुसवतोच, हे मान्य. तरी जरा ऐका.)

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे त्याचं नाव. जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला इंग्रज. बार्शी ही तेव्हाची मोठी व्यापारी पेठ, पण मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग तिला वीसेक मैल लांब ठेवून आमच्याकडून गेला होता. आमच्या स्टेशनचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं. ही फट भरून काढायची कॅलथ्रॉपने मनावर घेतलं. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये गाडी धावू लागली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ब्रॉडगेजच्या साडेपाच फुटांच्या निम्म्याहूनही कमी.

रूळ अरुंद म्हणजे गाडी खेळण्यातली, असं आपल्याला सहज वाटतं. कॅलथ्रॉपचं गणित निराळं होतं. तो बघायचा एका आसावर किती भार पडतो ते. त्याने आकडा ठरवून टाकला: प्रत्येक आसावर पाच टन. मग इंजिन असो की मालाचा डबा, सगळी रचना त्या आकड्याभोवती. इंजिनाचा भार चार चालक आसांवर सारखा वाटलेला. डबे बोगीचे, चार आसांचे, म्हणजे मालासकट वीस टन. हे सगळं यार्डाला तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरून. खर्च आटोक्यात आणि माल मात्र भरपूर! पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण दोनशे मैलांच्या घरात. व्यापाऱ्यांचा माल वाहिला आणि वारीच्या दिवसांत खच्चून भरलेले वारकरीही वाहिले.

कॅलथ्रॉपने मोठ्या गाडीची छोटी नक्कल केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याने मर्यादा आधी मान्य केली आणि मग भार कुठे टाकायचा ते ठरवलं. मला आवडलेल्या जवळजवळ प्रत्येक गेमच्या जन्मकथेत मला हेच सापडतं.

सुपर मारिओच घ्या. निन्टेंडोचं फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ मध्ये आलं. आपल्याकडे त्याच्या नकला पुढे 'टीव्ही गेम' म्हणून घरोघरी पोचल्या. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत मोजून दहा-बारा गेम! मूळ यंत्राची कामाची मेमरी होती २ केबी. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० केबीचा. आज सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या फुलांच्या 'शुभ सकाळ'ला याहून जास्त जागा लागते.

एवढ्याशा जागेत बसवायचं म्हणून काय काय केलंय बघा. मारिओमधला ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललाय. त्याच्या मिशा आणि टोपी ही तर आणखी जुनी, १९८१ च्या डाँकी काँगमधली काटकसर. मोजक्या ठिपक्यांत तोंड आणि केस नीट दिसेनात, म्हणून मियामोतोने मिशा काढल्या आणि डोक्यावर टोपी घातली. ढगांवर वाचवलेला हा भार गेला कुठे? पहिल्याच स्क्रीनवर बघा. समोरून एक शत्रू चालत येतो. वर प्रश्नचिन्हांचे ठोकळे आहेत. एकाला धडक दिली की मशरूम निघतं, ते पुढच्या पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतं. घाबरून उडी मारली तरी बहुतेक वेळा ते मिळतंच आणि मारिओ मोठा होतो. एकही शब्द न लिहिता शिकवणी पूर्ण! आम्हाला इंग्रजी धड येत नव्हतं, पण त्यावाचून काही अडलं नाही.

त्या यंत्रावर मारिओत 'सेव्ह' ही भानगड नव्हती. आणि महाराष्ट्रात लोडशेडिंग मात्र होतं. लाइट गेली की आठव्या वर्ल्डमधला मारिओ थेट पहिल्या पायरीवर. तरीही लाइट आल्यावर पुन्हा खेळावंसं वाटायचं. खोलीची माझी व्याख्या तिथूनच आली आहे. चित्रं पाठ झाल्यावरही जो गेम परत खेळावासा वाटतो, त्यात खोली आहे.

टेट्रिस हे याचं टोकाचं उदाहरण. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोवने तो ज्या इलेक्ट्रॉनिका ६० यंत्रावर बनवला, त्याला ग्राफिक्स नव्हतेच. त्याने चौकटी कंसांनी दोन बाजूंचे कंस जोडून विटा काढल्या. १९८९ मध्ये हाच टेट्रिस निन्टेंडोच्या गेमबॉयवर आला. गेमबॉयचा पडदा हिरवट, त्याला रंग नाही, फक्त चार छटा. गुनपेई योकोईने मुद्दाम जुनं, स्वस्त तंत्रज्ञान वापरलं होतं. पुढच्याच वर्षी सेगाचा रंगीत गेम गियर आला. दिसायला कितीतरी देखणा, पण सहा सेल खायचा आणि काही तासांत मान टाकायचा. बाजाराने कौल गेमबॉयला दिला. त्याची आणि त्याच्या रंगीत भावाची मिळून ११ कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली.

म्हणजे ग्राफिक्सवाले हरले? नाही हो, इतकं सोपं नाही ते. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतोय? आमच्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची पाठ वळली की डॉसवर तोच चालायचा. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून राजपुत्र बनवला. त्यामुळे त्या राजपुत्राला वजन होतं. पळताना थांबवला तरी तो जरासा पुढे जायचाच, आणि उडी दोन पावलं आधी ठरवावी लागायची. तिथे देखणेपणातूनच खेळ निघाला होता. मला वाटतं, वादाची खरी गाठ इथे आहे. चित्र भारी आहे की साधं, हे तितकंसं महत्त्वाचं नाही. ते चित्र खेळाचा काही भार उचलतं की नुसतं डब्यात बसून प्रवास करतं, एवढं बघावं.

चित्र तेवढं उरलं आणि भार निघून गेला तर काय होतं, हे बघायला आपल्याला फार लांब जायला नको. पंढरपूरच्या परिसरात ज्यांचं नाव घराघरांत घेतलं जातं, त्या ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने एक खेळ सांगितला जातो: मोक्षपट. खेळ म्हणून पाहिला तर यात अक्कल लावायला शून्य वाव. फासा पडेल तसं सरकायचं. पण पटावरच्या घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं होती. साप दुर्गुणावरून खाली ओढायचा, शिडी सद्गुणावरून वर न्यायची. खोली होती ती त्या शब्दांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रकार इंग्लंडमध्ये विकायला आला. तिथे आधी त्याला तिथली नीती चिकटली, पुढे तीही गळून गेली. आता आपल्या दुकानात मिळणारी सापशिडी बघा. गुळगुळीत, रंगीबेरंगी, जिभा काढलेले अजगर, आणि अक्षरं म्हणाल तर १ ते १००! चित्रं आधीपेक्षा भडक झाली आणि हातात राहिला नुसता फासा.

हे आठवायचं कारण म्हणजे पुण्यात बनलेला एक गेम. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. किकस्टार्टरवर पैसे मागून पाहिले होते, ते जमले नाहीत. तरी या लोकांनी गेम पुरा केला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट! मी त्यातल्या महालांपुढे, भिंतींवरच्या चित्रांपुढे थांबून राहिलो. पण लढाया थोड्या वेळाने सारख्याच वाटू लागल्या. पाच-सहा तासांत गेम संपला आणि परत लावावासा वाटला नाही. हे मी कुरकूर म्हणून लिहीत नाही. थोड्या माणसांत, थोड्या पैशांत बनवताना त्यांनी जास्तीत जास्त भार दिसण्यावर टाकला, आणि जगाच्या नजरेत भरायला तो कदाचित टाकावाच लागला असेल. पण आपली पुराणं, आपले वाडे आणि किल्ले गेमचं वरचं कातडं म्हणूनच वापरले जाणार असतील, तर त्यांची सापशिडी व्हायला वेळ लागणार नाही.

आता पुढे काय? मला दिसतं ते असं. १९८५ चा मारिओ आणि १९९६ चा त्रिमित मारिओ ६४ यांच्यातला फरक आजीलाही कळला असता. २०१३ चं प्लेस्टेशन ४ आणि २०२० चं ५ यांच्यातला फरक तिला समजावून सांगावा लागेल. त्यात आता यंत्रंच चित्रं काढू लागलीत, म्हणजे देखणेपणा आणखी स्वस्त होणार. नुसत्या खर्चाने गेम तरत नाही, हेही दिसलंय. सोनीचा 'कॉनकॉर्ड' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद करावा लागला. त्याच वर्षी एकट्या माणसाने पत्त्यांच्या डावावर बनवलेला 'बलाट्रो' वर्षभरात ५० लाखांच्या घरात विकला गेला.

आणि आपल्या गावातली पोरं? त्यांनी तर हा वाद कधीच निकालात काढलाय. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये ती बीजीएमआय नावाने परतली. त्यात मुरलेली पोरं सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स मुद्दाम 'स्मूद'वर, म्हणजे खाली आणून ठेवतात. फोन अडखळायला नको, समोरचा आधी दिसायला हवा. गंमत म्हणजे हीच पोरं आईबापांकडून पैसे मागून आपल्या पात्राला कपडे घेतात. खेळ फुकट आणि दिसणं विकत! ग्राफिक्सचा मुक्काम आता गेममधून दुकानात हललाय, आणि चौदा वर्षांच्या पोराच्या खिशाशी त्याची थेट गाठ आहे. याची मला त्या जुन्या वादापेक्षा जास्त काळजी वाटते.

कॅलथ्रॉपच्या गोष्टीचा शेवटही सांगायला हवा. त्याची नॅरोगेज आज नाही. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. नॅरोगेज भार पेलत होती, पण तिचे डबे पुढच्या रुळांवर जाऊ शकत नव्हते. बार्शीचा माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढवायचा, हे कायमचं दुखणं होतं. म्हणून 'आपला छोटा गेम, आपल्यापुरता' या कौतुकात मला रस नाही. मराठी गेम हलका असावा, स्वस्त फोनवर पळावा, आणि मारिओच्या पहिल्या स्क्रीनसारखा मराठी न येणाऱ्यालाही कळावा. गोडोसारखं गेम बनवायचं साधन आज फुकट मिळतं. माढा तालुक्यातल्या एखाद्या घरात बसूनही हे करता येईल. आपले पाच टन कुठल्या आसावर टाकायचे, तेवढं मात्र पहिलं चित्र काढायच्या आधी ठरवावं लागेल.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणी असं काही करत असेल तर जरूर कळवा. ग्राफिक्स कसे का असेनात, खेळून बघायला मी पहिला.